मुलाखतीला ॲन्सर की नसते

नांदेडला माझ्याकडे सराव मुलाखतीसाठी एक मुलगा आला होता. लोहा तालुक्यातला. दहावीनंतर दोन वर्षं लातूरला रूम करून राहिलेला. मेस, ट्युशन, टेस्ट आणि परत रूम. नीटमध्ये मनासारखे मार्क पडले नाहीत, तेव्हा त्यानं शेती-पाणी-ग्रामविकास या बाजूच्या एका पदवी अभ्यासक्रमाला अर्ज केला, लेखी परीक्षा काढली आणि मुलाखतीपर्यंत पोचला. मी साधंच सुरू केलं.

"वडील काय करतात?"

"शेती, सर."

"किती आहे?"

"साडेतीन एकर."

"यंदा काय पेरलंय?"

तो थांबला. खाली बघितलं. मग म्हणाला, "सोयाबीन असेल, सर."

त्या 'असेल'वर मुलाखत तिथंच अडकली. मक्याच्या मुळाच्या आडव्या छेदाची आकृती या मुलानं डोळे मिटून काढली असती. घरच्या रानात काय उगवलंय याचा मात्र त्याला अंदाजच बांधावा लागत होता. यात दोष त्याचा नाही. दोन वर्षांत तो दिवाळीपुरताच गावी गेलेला, आणि फोनवर आई दोनच गोष्टी विचारायची: जेवलास का, आणि टेस्टला किती पडले.

लातूर आणि नांदेड या दोन शहरांनी मराठवाड्याच्या लेकरांना परीक्षा द्यायला शिकवलं. 180 प्रश्न, 720 मार्क, बरोबरला चार, चुकीला वजा एक. हे गणित इथल्या मुलांच्या अंगात मुरलेलं असतं. मुलाखतीच्या खोलीत मात्र चार पर्याय नसतात आणि संध्याकाळी ॲन्सर कीही लागत नाही. तिथं विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच नोट्समध्ये सापडणार नाहीत, कारण ती तुमच्या घरात, गल्लीत आणि तालुक्यात पडून आहेत. तयारीची सुरुवात तिथूनच करायची आहे.

मुलाखत कुणाला असते?

आधी एक गैरसमज दूर करू. एमबीबीएस, इंजिनिअरिंग, फार्मसी या प्रवेशांना मुलाखत नसते. तिथं प्रवेश परीक्षेच्या गुणवत्ता यादीवर काम चालतं. त्यामुळे 'तुमच्या मुलाची मुलाखत घेऊन एमबीबीएसची सीट पक्की करतो' असा फोन आला, तर तो एजंटचा आहे असं समजून ठेवून द्या.

मुलाखत असते ती वेगळ्या वाटांवर, आणि त्या वाटा आपल्या भागातून आता बरीच मुलं धरू लागली आहेत. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय. राज्य सरकारची ही संस्था 1977 पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते. लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. पुढे एनडीएत लेखीला 900 आणि एसएसबीला, म्हणजे सैन्यदलाच्या निवड मंडळापुढच्या फेरीला, 900 गुण, म्हणजे अर्धी परीक्षा बोलण्या-वागण्याचीच.

पदवीनंतर टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचं तुळजापूरचं केंद्र 1986 पासून आहे, लातूरहून एसटीनं दीड-दोन तासांवर. पुण्याची एफटीआयआय, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, आयआयएम, अशा अनेक संस्थांत लेखीनंतर मुलाखतीची पायरी येते. आपल्याच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पीएचडी करायची तरी ती चुकत नाही. विद्यापीठ प्रवेश परीक्षा घेत असेल तर यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार लेखीला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के भारांश असतो. नेटच्या गुणांवरून प्रवेश असला तरी मुलाखत आहेच. दरवर्षी नियमांत थोडाफार बदल होतो, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. मित्राच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

निगेटिव्ह मार्किंग इथंही आहे

मुलाखतीत माहीत नसण्याला वजा गुण नाहीत. वजा गुण आहेत ते थापेला.

नीटमध्ये दोन पर्याय बाद करून तिसऱ्यावर ठोकलं तर कधी कधी लागतं. मुलाखतीत ठोकलेल्या उत्तरावर लगेच पुढचा प्रश्न येतो. 'मला वाचनाची आवड आहे' म्हणालात की 'शेवटचं काय वाचलं?' 'ययाती' म्हणालात की 'त्यातली शर्मिष्ठा तुम्हाला कशी वाटली?' तिसऱ्या प्रश्नाला थाप उघडी पडते, आणि त्यानंतर तुम्ही खरं सांगितलं तरी समोरचे ते चाचपून घेतात.

'माहीत नाही' म्हणायचीही एक रीत आहे. नुसतं 'नाही माहीत' म्हणून गप्प बसलं की दार बंद होतं. 'हे मी वाचलेलं नाही. पण आमच्या गावात असं दिसतं...' असं म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या बाजूनं एक पाऊल टाका. तेही जमत नसेल तर 'नक्की सांगता येणार नाही, सर' एवढं सरळ बोला आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघा. मुलाखत मंडळावरच्या माणसांना अठरा-वीस वर्षांच्या मुलाकडून ज्ञानकोशाची अपेक्षा नसते. या मुलाला शिकवता येईल का, हा आपल्याकडे टिकेल का, एवढंच ते पारखत असतात.

पहिला पेपर: तुमचाच अर्ज

मंडळाच्या टेबलावर तुमचा अर्ज असतो आणि बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात. एसएसबीत तर पीआयक्यू नावाचा माहिती फॉर्म तुमच्याकडून हातानं भरून घेतात आणि मुलाखत घेणारे अधिकारी तोच समोर ठेवून बोलतात. वडिलांचा व्यवसाय, भावंडं, मार्क, खेळ, छंद, जबाबदाऱ्या, सगळं त्यात येतं. म्हणून अर्ज कुठलाही असो, भरला की झेरॉक्स काढून ठेवा. नंतर लाल पेन घेऊन प्रत्येक ओळीसमोर तीन प्रश्न लिहा: कधीपासून, कसं, आणि पुढं काय?

बारावीनंतर एक वर्ष रिकामं दिसत असेल तर त्यावर प्रश्न येणारच. आपल्याकडे रिपीट करणारी मुलं खूप, त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'नीटसाठी एक वर्ष पुन्हा दिलं. फिजिक्सनं मागं ओढलं. त्या वर्षात माझ्या लक्षात आलं, की बायोलॉजीत मला आवडतात ती झाडं आणि माती, दवाखाना नाही.' एवढं पुरे. खाजगी क्लास, सरकार, पेपरफुटी यांच्यावर खापर फोडत बसू नका. खरं असलं तरी तुमची पाच मिनिटं त्यातच जातील.

छंदांच्या रकान्यात क्रिकेट, वाचन, संगीत ही ठरलेली तिकडी टाकू नका. एका मुलीनं 'गोधडी शिवणे' लिहिलं होतं. मी विचारलं, "एका गोधडीला किती दिवस लागतात?" ती हसली आणि म्हणाली, "सर, आजी बसली तर आठ दिवस. मी बसले तर महिना." मग जुनी लुगडी कुठून आणतात, टाका कसा धरतात, वाटसरूसाठी ठेवायची गोधडी आणि लेकीला द्यायची गोधडी यांत फरक काय, यावर ती दहा मिनिटं न अडखळता बोलली. त्या दहा मिनिटांत तिचं इंग्रजी कसं आहे, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

दुसरा पेपर: तुमचा तालुका

'लातूरहून आलोय' म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात तीन गोष्टी येतात: लातूर पॅटर्न, भूकंप आणि रेल्वेनं आलेलं पाणी. या तिन्हींवर तुम्हाला बोलता यायलाच हवं.

पाण्याचंच घ्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर पाणी घेऊन. हे कुणीही गूगलवरून सांगेल. मंडळ विचारेल, पाणी संपलं का होतं? आता उत्तराला थर लागतात. पाऊस लागोपाठ कमी झाला, धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, हा एक थर. त्याच खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने होते, हा दुसरा. बोअर खोल खोल जात राहिले, हा तिसरा. आणि चौथा थर फक्त तुमचा: त्या उन्हाळ्यात तुम्ही शाळकरी पोर होता, तुमच्या गल्लीत टँकर किती दिवसांनी यायचा, घागरी नंबरला कोण लावायचं? ऊस बंद करा असं एका वाक्यात सांगून मोकळं होऊ नका. ज्याला उसाशिवाय दुसऱ्या कुठल्या पिकाच्या पैशाची खात्री नाही, त्या शेतकऱ्याची बाजूही मांडा.

भूकंपाचंही तसंच. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट व्हायच्या आत किल्लारी परिसर हादरला. एवढी माणसं का गेली? लोक झोपेत होते, आणि दगडमातीच्या जाड भिंती व वरचं धाब्याचं ओझं अंगावर आलं. औसा-निलंग्याकडचे असाल तर आजी-आजोबांना विचारा, पुनर्वसनाच्या नव्या गावात जुनी गल्ली कशी तुटली.

नांदेडकरांसाठी प्रश्न वेगळे. गुरु गोविंदसिंगजी 1708 मध्ये नांदेडला असताना काय घडलं? गोदावरी शहरातून वाहते, तरी उन्हाळ्यात नळाला पाणी का ओढ देतं? धर्माबाद-बिलोलीकडच्या गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी का केली होती? किनवटच्या आदिवासी पाड्यावरून शाळा किती लांब? मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून ऊसतोडीला कोण जातं आणि मागं राहिलेल्या पोरांचं काय होतं? आणि दोन्ही जिल्ह्यांना सामाईक एक: आपला स्वातंत्र्याचा दिवस 17 सप्टेंबर 1948 का? नांदेड विद्यापीठाला रामानंद तीर्थांचं नाव का, आणि ते 1994 मध्ये 17 सप्टेंबरलाच का सुरू झालं?

या सगळ्यावर निबंध पाठ करायचे नाहीत. स्वतः मोजलेली एखादी गोष्ट जवळ असू द्या. देवणीकडची एक मुलगी सराव मुलाखतीला आली होती. घरी देवणी गाय आहे म्हणाली. वानेरा, बाळंक्या आणि शेवरा, असे देवणीचे तीन प्रकार आजोबा अंगावरच्या काळ्या ठिपक्यांवरून कसे ओळखतात, ते तिनं सांगितलं. मी विचारलं, "मग ही जात कमी का होतेय?" ती म्हणाली, "जिल्ह्याचा आकडा मला माहीत नाही. पण मी लहान होते तेव्हा आमच्या गल्लीत सहा बैलजोड्या होत्या, आता एकच आहे. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, मग बैल वर्षभर कशाला पोसायचा? आणि दुधासाठी लोक जर्सी आणतात." सहा आणि एक. स्वतः मोजलेले हे दोन आकडे अहवालातल्या टक्केवारीपेक्षा भारी पडले.

घरी शेतीच असली पाहिजे असं नाही. वडील ऑटो चालवत असतील तर नांदेड स्टेशनवर गाड्यांच्या वेळा बघून पाळ्या कशा लागतात, आई अंगणवाडीत असेल तर लेकराचं वजन कमी भरलं की ती काय करते, आडत दुकान असेल तर सौदा कसा होतो, हे विचारून घ्या. घरच्या कामातली बारकी माहिती असलेला मुलगा मंडळाला लगेच कळतो.

'हाच कोर्स का?'

हा प्रश्न शंभर टक्के येतो आणि इथंच बहुतेक उत्तरं पोकळ निघतात. 'समाजसेवा करायची आहे', 'देशसेवा करायची आहे' ही वाक्यं मंडळानं त्या दिवशी सकाळपासून वीसदा ऐकलेली असतात. तुमच्या उत्तरात तीन गोष्टी हव्यात: तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग, त्यातून पडलेला एक प्रश्न, आणि तो सोडवायला या कोर्समधला कुठला विषय उपयोगी पडेल. तिसऱ्या गोष्टीसाठी अभ्यासक्रम उघडून विषयांची नावं वाचावी लागतात. हे करणारी मुलं फार थोडी, म्हणून ती उठून दिसतात.

पीएचडीवाल्यांनी इथं संशोधन आराखडा ठेवायचा. विषय, प्रश्न, माहिती कुठून गोळा करणार, आणि यावर आधी कुणी काय लिहिलंय, एवढं तीन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. 'मराठवाड्यातील शेतकऱ्यांचा अभ्यास' हा विषय होत नाही. कुठला तालुका, कुठलं पीक, कुठली दहा वर्षं, इथपर्यंत खाली उतरा.

बोलायचं कुठल्या भाषेत?

'काय करलालास?' असं विचारणाऱ्या आपल्या बोलीची मुलांना उगाच लाज वाटते. आवाज बारीक होतो, वाक्यं अर्धवट सुटतात. बोली हा दोष नाही. पुटपुटणं हा दोष आहे. कोर्स इंग्रजीतून असेल तर इंग्रजी समजतं एवढं मंडळाला दिसलं पाहिजे. छोटी वाक्यं बोला. एक वाक्य पूर्ण करा, मग दुसरं. अडलात तर "हा मुद्दा हिंदीत किंवा मराठीत सांगू का?" असं विचारा. विचारून भाषा बदलली की ती अडचण राहत नाही.

'मायसेल्फ' पासून सुरू होणारी पाठ केलेली ओळख मात्र आजच विसरा. पाठांतर कानाला लगेच कळतं: आवाजाला एकसुरी चाल लागते, नजर भिंतीवर जाते, आणि मध्ये कुणी टोकलं की सगळा डोलारा कोसळतो. एसएसबीत 60 शब्द एकेक करून दाखवतात आणि प्रत्येकाला 15 सेकंदांत वाक्य लिहायचं असतं. तिथं क्लासमधून आणलेली वाक्यं लिहिणारा पुढच्या मुलाखतीत स्वतःच्याच लिहिण्याशी विसंगत बोलतो, आणि तपासणारे नेमकं तेच हुडकतात.

पंधरा दिवसांचा सराव

पहिले तीन दिवस अर्ज आणि लाल पेन. पुढचे चार दिवस घर आणि तालुका: रोज एका मोठ्या माणसाशी अर्धा तास बोला आणि वहीत पाच ओळी लिहा. त्यानंतर तीन दिवस कोर्सची माहिती आणि बारावीच्या किंवा पदवीच्या तुमच्या आवडत्या विषयातल्या दोन संकल्पना. आवडता विषय बायोलॉजी सांगून प्रकाशसंश्लेषण आठवीच्या मुलाला समजेल असं सांगता आलं नाही, तर आवड खोटी ठरते.

शेवटचे पाच दिवस सराव मुलाखती. मित्रासमोर नको, तो हसतो आणि वेळ जातो. ज्यांना तुम्ही थोडं बिचकता अशी तीन माणसं गाठा: शाळेतले जुने सर, बँकेतल्या ओळखीच्या मॅडम, कृषी सेवा केंद्राचे काका. त्यांना अर्जाची झेरॉक्स द्या आणि वीस मिनिटं काहीही विचारा म्हणा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि रात्री ऐका. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज नकोसा वाटेल. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मोजा. तिसऱ्या दिवशी ते आपोआप कमी होतात.

रोज वर्तमानपत्र वाचा, पण अख्खं नको. एक बातमी निवडा आणि तिच्या दोन्ही बाजू तोंडी मांडा.

ऑनलाइन असेल तर

आता बऱ्याच मुलाखती ऑनलाइन होतात. रूमवर चार जणांत बसून ती देऊ नका. गावात रेंज गच्चीवरच येत असेल तर तालुक्याला किंवा नांदेड-लातूरला एखाद्या नातेवाइकाकडे आदल्या दिवशीच जाऊन राहा. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला टेकवा, खिडकी पाठीमागे नव्हे तर समोर असू द्या, आणि दुसरं सिम रिचार्ज करून जवळ ठेवा. लाइट गेली किंवा कॉल तुटला तर घाबरू नका. पुन्हा जोडल्यावर एका वाक्यात कारण सांगा आणि पुढं चला. प्रत्यक्ष जायचं असेल तर त्याच दिवशीच्या रात्रगाडीवर भिस्त ठेवू नका. एक दिवस आधी पोचा.

कागदांची फाइल

चांगली मुलाखत देऊन कागदांत अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. राज्याची आणि केंद्राची आरक्षणाची घरं वेगळी आहेत, हे आधी ध्यानात घ्या. केंद्रीय संस्थेत ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, आणि नॉन-क्रिमीलेअर चालू वर्षाचं मागतात. राज्यातला व्हीजेएनटी हा वेगळा गट केंद्रात नाही. त्यातल्या बहुतेक जाती, जसे बंजारा, केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत. राज्याचं एसईबीसी प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत चालत नाही. उत्पन्न आणि जमिनीच्या अटींत बसत असाल तर ईडब्ल्यूएस काढा.

दहावीच्या सनदेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः एक आहे का, तेही आजच तपासा. निकालानंतर तहसील आणि सेतू केंद्रांत किती गर्दी होते, हे सांगायला नको.

आई-वडिलांसाठी दोन शब्द

मुलाखतीच्या आदल्या रात्री सूचनांचा मारा करू नका. नवा कोट शिवायची गरज नाही. स्वच्छ, इस्त्रीचा, अंगाला सवयीचा शर्ट किंवा ड्रेस पुरतो. निवड झाली नाही तर ती लेकराची किंमत ठरत नाही. जागा थोड्या असतात. तुमच्याकडून खरी मदत एकच: त्याला घराचा हिशेब, कर्ज, पीक, जुनी गोष्ट मोकळेपणानं सांगा. 'तू अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो' या मायेच्या वाक्यानं आपण लेकरांना घरातूनच परकं केलंय.

लोह्याचा तो मुलगा चार दिवसांनी पुन्हा आला. मी तोच प्रश्न विचारला. "दोन एकर सोयाबीन, त्यात तुरीचं पाटं, सर. एक एकर ज्वारीसाठी राखलंय. अर्धा एकर पड आहे, बांधाच्या भांडणामुळं." आणि मग न विचारता म्हणाला, "पहिली पेरणी मोडली. पाऊस पडून वीस दिवस गायब झाला. बियाणं दुसऱ्यांदा उधारीवर आणलं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं." त्यानंतर आम्ही अर्धा तास पेरणी, विमा आणि उधारीवर बोललो. एकदाही त्याला 'असेल' म्हणावं लागलं नाही.

तेव्हा आज संध्याकाळी घरी फोन लावा. 'जेवलास का' चं उत्तर देऊन झालं, की यावेळी तुम्ही विचारा: यंदा काय पेरलंय?